सरळ घरी जायचं नाही

दिगंबर कर्णिकांच्या चहाला नावं ठेवणारा माणूस अख्ख्या सांता इनेसमध्ये सापडला नसता. तो चहा पिणाराही सापडला नसता. पण ही दुसरी गोष्ट कर्णिकांना कळायला वर्ष जावं लागलं, आणि ते वर्ष कसं गेलं तेच इथे सांगायचं आहे.

सांता इनेस हे लगूना प्रांतातलं तळ्याकाठचं गाव. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कर्णिक इथे, लिगायाच्या मावशीने मागे ठेवलेल्या घरात, राहायला आले. लिगाया म्हणजे त्यांची बायको. मुलं दुबईला आणि कॅनडाला पांगली तरी ती नवऱ्याला इथल्या रीतीप्रमाणे 'दॅडी'च म्हणायची आणि ते तिला 'मम्मी'. फिलिपिन्समध्ये तीस वर्षं काढून कर्णिकांना सुक्या माशाच्या वासाची सवय झाली होती, पहाटे आरवणाऱ्या झुंजीच्या कोंबड्यांची झाली होती, शेजारच्या लाउडस्पीकरवर रविवारी सकाळी गाणाऱ्या माणसांचीही झाली होती. एका गोष्टीची मात्र झाली नव्हती, ती म्हणजे इथली पुडीतली कॉफी. कॉफी, साखर आणि दुधाची भुकटी एकाच पुडीत कोंबलेली. पुडी फाडायची, गरम पाणी ओतायचं आणि त्याच रिकाम्या पुडीची सुरळी करून ढवळायचं. ज्या गावाला सकाळी चमचासुद्धा लागत नाही त्या गावाला चहा शिकवणं हे आपलं कर्तव्य आहे, असं कर्णिकांना वाटू लागलं. निवृत्त माणसाला कर्तव्यं फार लवकर सापडतात. लिगाया म्हणाली, मासे पाळा, तिलापिया चांगला होतो. पण तिलापियाला कोणी काही शिकवू शकत नाही, म्हणून कर्णिकांनी ते ऐकलं नाही.

बेत अगदी लहान होता. फाटकाच्या आत काइमितोचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत एक शेगडी, एक पातेलं आणि दोन बाकं. आलं घातलेला, दूध उकळलेला, घरचा चहा. बस्स.

कुंपणापलीकडच्या आलिंग पुरिंगना हे सर्वांत आधी कळलं. त्या गावात पाऊस पडणार असला तरी आधी आलिंग पुरिंगना कळायचं. वयाने मोठी म्हणून सगळे त्यांना 'आलिंग' म्हणत आणि मोठी असल्याचा पुरेपूर उपयोग त्या करत. त्यांनी कुंपणावरून सल्ले द्यायला सुरुवात केली. चहाबरोबर शेंगदाणे ठेवा. कोंबडीची आतडी भाजून ठेवा. गाण्याचं यंत्र भाड्याने आणा. पेरूच्या पानांचं पाणी घंगाळात भरून फाटकाशी ठेवा आणि बाजूला करवंट्यांचा धूर करा. शेवटचा सल्ला डासांसाठी असावा असं समजून कर्णिकांनी तेवढा मानला.

"काही म्हणा सर," आलिंग पुरिंग म्हणाल्या, "जागा मात्र तुम्ही अशी निवडलीत की बोलायला नको. तुम्हां इंडियन लोकांचं डोकंच वेगळं."

कर्णिकांना वाटलं, बाई सावलीचं कौतुक करताहेत.

आता ही जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. कर्णिकांच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून गेल्या वर्षी एक नवी पुनेरार्या उघडली होती. पुनेरार्या म्हणजे मयताला नीट कपडे घालून, शवपेटीत निजवून, आठ-दहा दिवस लोकांना भेटायला ठेवण्याची जागा. रोज संध्याकाळी माणसं लाल कपडा टाळून जागरणाला येतात, बसतात, पत्ते खेळतात, बिस्किटं खातात, मेलेल्याच्या खोड्या आठवून हसतात, आणि निघतात. मात्र निघाल्यावर सरळ घरी जात नाहीत. सरळ घरी गेलं तर मेलेला माणूस मागोमाग घरी येतो. म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, त्याला तिथे झटकायचं आणि मागे न बघता घर गाठायचं. ह्याला पगपाग म्हणतात. हे सांता इनेसमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि पुनेरार्याकडून जीपच्या थांब्याकडे जाणारा एकमेव रस्ता कर्णिकांच्या फाटकावरून जात होता.

तीस वर्षं राहिलेल्या माणसाला हे माहीत नसावं, हे कोणाला खरं वाटणार नाही. पण कर्णिकांनी मयताची सगळी खाती बायकोकडे सोपवलेली होती. ते स्वतः कुठल्याच जागरणाला जात नसत. गर्दीत छाती भरते असं सांगत. पूर्वी कधी गाडी चालवत लिगायाला आणायला जात, तेव्हा परतताना ती हटकून कुठेतरी डोनट खायला थांबायची. ह्यावर बरीच वर्षं विचार करून कर्णिकांनी निष्कर्ष काढला होता की इथल्या माणसांना दुःखाने भूक लागते. तो त्यांनी पुण्याच्या भावाला फोनवर सांगितलाही होता. राहता राहिली पुनेरार्या. साठी उलटलेल्या माणसाने उठल्याबसल्या तिकडे बघू नये, म्हणून त्या बाजूला त्यांनी बांबूचा उंच तट्ट्या उभारून घेतला होता. तट्ट्याअलीकडे ज्ञान पोहोचायला काही मार्गच उरला नव्हता.

मग परवाना. बारांगाय, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत गेल्यावर कर्णिकांना कळलं की चहा उकळण्यासाठी माणूस सज्जन असल्याचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्यासाठी इथे राहत असल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्या बाई मेरिएंदाला, म्हणजे चारच्या खाण्याला, गेल्या आहेत. बाई आल्या तेव्हा साहेब गेले. मग छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं, कारण खाद्यपदार्थ विकणाऱ्याची फुप्फुसं सरकारला बघायची असतात. त्या फोटोसाठी कर्णिक ग्रामीण दवाखान्यात उघड्या अंगाने रांगेत उभे राहिले. पुढे मासे विकणाऱ्या बाई होत्या आणि मागे त्यांच्या ओळखीचा पोस्टमन. कारखान्यात ज्यांना सहाशे माणसं सलाम करत त्यांना पोस्टमनने विचारलं, सर, हातातलं हे बनियन कुठे विकत घेता. कर्णिकांनी हे निमूट सोसलं. चहाचं दुकान अशी जातच यादीत नसल्यामुळे त्यांची नोंद 'पेज, आंबील व तत्सम' ह्या सदराखाली झाली, तेही सोसलं.

पण वॉर्डाचे प्रमुख कॅप रोहेल्यो म्हणाले की तेवढं पुनेरार्याच्या मालकांना एकदा विचारून घ्या, तेव्हा कर्णिकांचं टाळकं सरकलं. जिवंत माणसांना चहा पाजायला मेलेल्यांच्या व्यापाऱ्याची परवानगी कशाला? कॅप नुसते हसले. इथे अवघड प्रश्नाला हसतात, हे मात्र कर्णिकांना ठाऊक होतं, म्हणून ते गेले. मालकाने त्यांना मिठीच मारली. असं काहीतरी जवळपास व्हावं म्हणून मी किती दिवस वाट बघत होतो, म्हणाला, आणि पन्नास प्लॅस्टिकच्या खुर्च्या भेट पाठवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पुनेरार्याचं नाव आणि क्रूस होता. फुकटच्या खुर्च्यांना नाही कसं म्हणायचं? कर्णिकांनी त्या सगळ्या पाठ झाडाकडे करून मांडल्या.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस कोणी फिरकलं नाही. आलिंग पुरिंगनी पहिला कप घेतला, छानच झालाय सर म्हणाल्या आणि अर्धा ठेवून गेल्या. अर्धा का ठेवला ह्यावर कर्णिकांनी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. मग त्यांनी आलं वाढवलं. आणि दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी, फाटकातून माणसांचा लोंढा आत आला.

बायका, पुरुष, म्हातारे, कडेवरची मुलं. फाटकाशी प्रत्येकाने पेरूच्या पानांच्या पाण्यात हात बुडवले, धुरातून एक पाऊल टाकलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, सर, चहा. पातेलं तीनदा उकळावं लागलं. कर्णिकांना शर्टाच्या बाहीने घाम पुसायला सवड नव्हती. त्या रात्री ते लिगायाला म्हणाले, बघितलंस? लोकांना चांगलं काय ते कळतं, फक्त कोणीतरी द्यावं लागतं. लिगाया काहीतरी बोलणार होती. पण नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसली. शिवाय तिला वाटलं की त्यांना माहीतच असेल. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं.

हा लोंढा आठवडाभर रोज आला आणि एकाएकी बंद झाला. मग चार दिवस चिटपाखरू नाही. मग पुन्हा आठवडाभर झुंबड. कर्णिक हाडाचे कारखान्यातले. कारणाशिवाय उत्पादन वरखाली होतं हे त्यांना पटेना. त्यांनी बारकाईने पाहिलं आणि त्यांना सापडलं: बाजारातून आणलेलं आलं साधारण आठवडाभर पुरतं. ताजं आलं म्हणजे गर्दी, सुकलेलं आलं म्हणजे शुकशुकाट. कधीकधी ताजं आलं आणूनही कोणी येत नसे. त्याचा अर्थ आलं कमी पडलं. मग ते आणखी घालत. असं करता करता सणासुदीपर्यंत तो चहा अशा थराला पोहोचला की वाफेनेच शिंक यावी.

पण यशाबरोबर काही शल्यंही होती. लोक चहा अर्धाच ठेवून जात. घरी नेता यावा म्हणून त्यांनी मुद्दाम झाकणाचे कप मागवले होते, त्यांतला एकही खपला नाही. घेऊन जा म्हटलं की माणसं सापावर पाय पडल्यासारखी मागे सरत. जाताना कोणी येतो म्हणत नसे, वळून बघत नसे, आणि आलेल्यांत लाल कपड्यातलं माणूस कधी दिसत नसे. लाल रंगाला डास येतात, असं कर्णिकांनी ठरवलं. बाकाशेजारच्या कुंड्यांतले क्रोटन एकामागून एक वाळून गेले, तेव्हा त्यांनी शेतकी खात्यातून औषध आणून फवारलं. खात्याचा माणूस माती हुंगून म्हणाला होता की सर, ह्या मातीला आल्याचा वास येतोय. कर्णिकांनी त्याला सांगितलं की अख्ख्या अंगणालाच येतो, हाच तर आमचा लौकिक.

लौकिक म्हणजे खरोखरच लौकिक. निवडणूक जवळ आली तशी कॅप रोहेल्यो रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं घेऊन येऊ लागले. गावातलं एकही जागरण ते चुकवत नसत. मेलेल्यांचे नातेवाईक मतं देतात. पण कर्णिक म्हणायचे, बघा, राज्यकर्त्यांनाही आपल्याचकडे यावंसं वाटतं. एकदा कॅपनी उभं राहून भाषण केलं की सरांनी ह्या गावाची मोठी सोय केली, परदेशी माणसाला कळलं ते आपल्याला कळलं नव्हतं. टाळ्या झाल्या. कर्णिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात आल्याची वाफ किती आणि भावना किती, हे सांगणं कठीण आहे.

ह्या भरात त्यांनी फ्लेक्स करून घेतला. मधोमध स्वतःचा हसरा फोटो, खाली 'सर कर्णिक, काइमितोच्या सावलीत'. छापणाऱ्याचा मुख्य धंदा पुनेरार्याचा. त्याने सवयीने फोटोभोवती पांढऱ्या लिलीची महिरप काढली, दोन कोपऱ्यांत मेणबत्त्या लावल्या आणि वर एक कबुतर सोडलं. कर्णिकांना कबुतर आवडलं. फ्लेक्स फाटकावर टांगून ते दुपारचे आडवे झाले, आणि जागे झाले ते रडण्याच्या आवाजाने. पुढच्या खोलीत आलिंग पुरिंग लिगायाच्या गळ्यात पडून रडत होत्या, लिगाया त्यांना काय झालं म्हणून विचारत होती, आणि दारात आठ-दहा माणसं टोप्या काढून उभी होती. कर्णिक लुंगी सावरत बाहेर आले तेव्हा त्यांतला एकजण मटकन खाली बसला. समजूत पटल्यावरही आलिंग पुरिंग घुश्शातच होत्या. एवढं रडल्यावर माणूस जिवंत निघणं हे त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

तो फ्लेक्स उतरवला. पण ज्याने कर्णिकांचं दुकान उतरवलं ते वेगळंच.

झालं असं, की एकदा ऐन गर्दीच्या आठवड्यात आलं संपलं. संध्याकाळ व्हायच्या आत परत येऊ म्हणून कर्णिक स्वतः बाजारात गेले. बाजाराच्या टोकाला इस्को नावाच्या माणसाची भाताच्या पेजेची गाडी होती. तिथे बाकावर लिगाया तिच्या बहिणीबरोबर बसून पेज ओरपत होती. नुसती ओरपत नव्हती, मिटक्या मारत होती. दोघी हसत होत्या. आपल्या घरी रोज अर्धं गाव चहाला लोटत असताना आपली बायको प्रतिस्पर्ध्याच्या गाडीवर पेज खाते, हे पाहून कर्णिकांच्या हातातली पिशवी खाली पडली.

ते जवळ जाऊन उभे राहिले. "इथे काय करतेयस?"

"पगपाग," लिगाया म्हणाली. "आलिंग पुरिंगच्या पलीकडची क्विनिंग, तिच्या सासऱ्यांना भेटून आलो. पुनेरार्यात आहेत ना, परवापासून. बसा, पेज घ्या."

पगपाग म्हणजे काय, असं कर्णिकांनी विचारलं. लिगायाने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने इस्कोकडे, आणि इस्को पेज ढवळू लागला. मग लिगायाने सांगितलं. तीस वर्षांचे डोनट कर्णिकांच्या डोळ्यांपुढून सरकत गेले.

"म्हणजे ती सगळी माणसं," ते हळू म्हणाले, "चहासाठी येत नाहीत."

"थांबण्यासाठी येतात."

"मग तू का नाही आपल्याकडे थांबलीस? निदान घरचा चहा..."

"घरी कसं थांबू, दॅडी? घरी नाही न्यायचं, म्हणून तर थांबायचं. बाकीचे आपल्याकडे सोडतात, मला कुठेतरी दुसरीकडे सोडायला नको?"

कर्णिकांना ह्यातलं 'सोडतात' जरा उशिराने समजलं. समजलं तेव्हा ते पेजेच्या बाकावर बसले. वर्षभरात गावात जे जे गेले, त्या सर्वांना त्यांच्या घरच्यांनी रीतसर आणून कर्णिकांच्या अंगणात, काइमितोच्या झाडाखाली, अर्ध्या कप चहाबरोबर सोडून दिलं होतं. तुला हे माहीत होतं तर बोलली का नाहीस, ह्यावर लिगाया म्हणाली की तुम्ही खूश होता. आणि भीती नाही वाटली? वाटली तर, पण मी मागच्या खोलीत झोपते ना, आणि शनिवारी तीर्थ शिंपडते. ते पाणी ती झाडांसाठी शिंपडते असं कर्णिकांना वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी शेगडी विझवली आणि फाटकाला कुलूप लावलं. भुतांची त्यांना भीती नव्हती. ते विज्ञान शिकले होते आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूने जात होते. त्यांना लागलं ते वेगळंच. ह्या गावात आपण काहीतरी हाताने केलं आणि लोकांनी ते आपलं म्हटलं, असं ते वर्षभर मानून चालले होते. तीस वर्षांत तसं प्रथमच वाटलं होतं. आता कळलं की त्यांच्या जागी भोपळ्याचा वेल असता तरी लोक तितकेच आले असते. हे दुःख त्यांना खरंच झालं, आणि त्याने भूक मात्र लागली नाही.

इकडे गावाची पंचाईत झाली. क्विनिंगच्या सासऱ्यांना झटकायचं कुठे? माणसं फाटकापर्यंत येत, कुलूप बघत आणि रस्त्यावरच घुटमळत. दोघे-तिघे नाइलाजाने आलिंग पुरिंगच्या दारात टेकले, तेव्हा त्यांनी झाडू घेऊन त्यांना हाकललं. सासरा जन्मभर कुंपणावरून भांडलेला, तो आता कायमचा राहायला येईल म्हणाल्या. शेवटी कॅप रोहेल्यो शिष्टमंडळ घेऊन आले. दुकान नव्हे, ही लोकसेवा आहे, म्हणाले. बंद करायला वॉर्डाची परवानगी लागते, असंही जाता जाता सुचवलं.

कर्णिक ताठ बसले होते. "मला एकच सांगा, कॅप. चहा कसा आहे?"

"चहाबद्दल कोणाची तक्रार नाही, सर."

"तुमचं मत विचारतोय मी. वर्षभर येताय."

कॅपनी शिष्टमंडळाकडे पाहिलं. शिष्टमंडळाने काइमितोकडे पाहिलं. "चांगलाच असणार," कॅप म्हणाले. "मी अजून प्यायलो नाही. तुमची पाठ वळली की कुंडीत ओततो. पण सर, वास फार सुंदर येतो."

शिष्टमंडळाला कर्णिकांनी फाटकापर्यंत पोहोचवलं. शिष्टाचार तो शिष्टाचार. मग ते मेलेल्या क्रोटनांसमोर बराच वेळ उभे राहिले.

ह्यानंतर एका दुपारी फाटक वाजलं. बाहेर छत्री घेतलेली एक किडकिडीत म्हातारी उभी होती. वरच्या वस्तीतली साबेल, म्हणाली. कर्णिकांनी सांगितलं की चहा बंद आहे.

"असू दे, सर. मी चहासाठी नाही आले." तिने छत्री मिटली. "माझे मिस्टर इथे आहेत ना. आंबो. म्हटलं जरा बसावं."

कर्णिकांनी कुलूप काढलं. म्हातारी आत आली, इकडेतिकडे न बघता दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसली आणि शेजारी जागा ठेवली. मग तिने सांगितलं, तेही कर्णिकांना नव्हे, झाडाला सांगितल्यासारखं. ईस्टरच्या आधी आंबो गेले. पुनेरार्यातून मुली तिला इथे घेऊन आल्या, चहा दिला, आणि म्हणाल्या, आई, आता उठ, मागे बघू नकोस.

"मी नाही बघितलं. सगळे म्हणाले बघू नकोस, मी नाही बघितलं. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि त्यांना परक्याच्या अंगणात सोडून गेले. ते तर एकटे कधी बाजारातही जात नसत. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, सर."

कर्णिकांनी शेगडी पेटवली. आलं किसायला घेतलं आणि कोण जाणे का, निम्मंच किसलं. किती कप करू, त्यांनी विचारलं.

"दोन," साबेल म्हणाली. "त्यांच्यात साखर जास्त."

चहा झाला. एक कप तिने रिकाम्या जागेसमोर सरकवला, दुसरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. कर्णिक पदर धरून उभ्या असलेल्या सुनेसारखे बाजूला उभे होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, आंबोंना चहा आवडायचा का.

"छे. जन्मभर पुडीतली कॉफी," म्हातारी म्हणाली. "पण आता जातात कुठे? मिळेल ते पितात." मग तिने रिकाम्या कपात पाहून विचार केला. "आलं जरा जास्तच घालता तुम्ही. बाकी बरा आहे."

कर्णिक तिच्यावर रागावले नाहीत. उलट, फाटक लावून आत आले ते शीळ घालत. पुढल्या सोमवारी साबेल पुन्हा आली आणि येताना वस्तीतल्या आणखी दोघींना घेऊन आली. त्यांचेही इथेच होते. मग एक रिटायर्ड मास्तर आला, त्याची बायको इथे होती. सोमवार इथे मेलेल्यांचा वार. संध्याकाळची झटकणारी मंडळी परत सुरू झाली, ती अर्धा कप ठेवून, न बघता, पूर्वीसारखीच जात राहिली. पण सोमवारी दुपारी येणारे बसत, बोलत, कप संपवत आणि चहात काय कमी-जास्त झालं ते स्पष्ट सांगत. मास्तर तर फारच सांगायचा. कर्णिकांनी त्याचं ऐकून वेलची सुरू केली. क्रोटन नवे लावले.

एका सोमवारी सगळे गेल्यावर लिगाया झाडाखाली लसूण सोलत बसली होती. आता ती तिथे बसत असे. एवढी माणसं ओळखीची झाल्यावर भ्यायचं कोणाला, म्हणायची. कर्णिक कप विसळत होते. विसळता विसळता, काही विशेष नाही अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "मम्मी, माझी पाळी आली की मला कुठे झटकणार? इस्कोच्या गाडीवर?"

लिगायाने वर पाहिलं नाही. हातातली पाकळी सोलून संपवली.

"तुम्हांला कशाला झटकू?" ती म्हणाली. "तुमच्या वेळी मी कुठेच थांबायची नाही. तिथून निघेन ती सरळ घरी येईन."

कर्णिकांनी विसळलेला कप पुन्हा विसळला. तो पालथा घातला, सुलटा केला, परत पालथा घातला.

"सावकाश ये मग," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे."